गुडघ्याची कूर्चा आणि ‘स्टेम सेल’ उपचार: पुण्यातील नव्या रुग्णांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शक

दोन पावसाळ्यांपूर्वी सिंहगडावरून अतकरवाडीच्या वाटेने उतरताना निसरड्या कातळावर माझा पाय सरकला, अंगाचा सगळा भार उजव्या पायावर आला आणि गुडघा आतल्या आत पिळला गेला. सूज तीन आठवड्यांत ओसरली, पण जिना उतरताना गुडघा मध्येच अडकू लागला आणि खुर्चीतून उठताना आत काहीतरी करकरू लागले. एमआरआय केल्यावर मांडीच्या हाडाच्या आतील बाजूच्या गोलाईवर साधारण अडीच चौरस सेंटिमीटरचा, थेट हाडापर्यंत गेलेला कूर्चेचा, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थराचा, खड्डा दिसला. तेव्हा माझे वय ३८ होते. पुढच्या वर्षभरात मी चार डॉक्टरांना भेटले, एक इंजेक्शन घेतले आणि दोन शस्त्रक्रिया करून घेतल्या.

त्या इंजेक्शनविषयी आधी सांगते, कारण हा लेख त्याच्यामुळेच लिहीत आहे. शहरातील एका दवाखान्यात मला ‘स्टेम सेल थेरपी’ सुचवण्यात आली. पैसे आगाऊ भरून घेतले, दंडातून रक्त काढले आणि पाऊण तासाने गुडघ्यात इंजेक्शन दिले. पाच महिन्यांनी दुसऱ्या शल्यविशारदांनी ‘नेमके काय टोचले होते?’ असे विचारले, तेव्हा माझ्याकडे दाखवायला फक्त पावती होती आणि तिच्यावर ‘बायोलॉजिकल इंजेक्शन – १ नग’ एवढेच शब्द होते. रक्त दंडातून घेतले होते, त्यावरून ते पीआरपी असावे, असा अंदाज त्यांनी बांधला. पीआरपी म्हणजे स्वतःच्या रक्तातील प्लेटलेटचे दाट द्रावण. मूलपेशींशी, म्हणजे ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात त्या स्टेम सेलशी, त्याचा संबंध नाही. पैसे गेले त्यापेक्षा पाच महिने गेले याचे मला जास्त वाईट वाटते. म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर माझा आग्रह एकच आहे: उपचाराचे खरे नाव कागदावर लिहून मिळेपर्यंत पैसे भरू नका.

मी डॉक्टर नाही. तुमच्या गुडघ्याचा निर्णय तुमच्या अस्थिरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा आहे. त्यांच्यासमोर बसताना काय माहीत असावे, एवढेच मी सांगू शकते.

१. इजा नेमकी कशाची आहे, ते आधी निश्चित करून घ्या

आपल्याकडे ‘गुडघ्याची गादी गेली’ असे सरसकट म्हटले जाते, पण गुडघ्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांच्या मध्ये बसलेली चंद्रकोरीच्या आकाराची गादी. दुसरी म्हणजे हाडांच्या टोकांवर चिकटून असलेला, पांढरा, चकचकीत, काही मिलिमीटर जाडीचा थर. या थरालाच कूर्चा किंवा कार्टिलेज म्हणतात. दोन्हींचे उपचार निराळे आहेत. माझ्याच ओळखीतल्या एका काकूंना फाटलेल्या मेनिस्कससाठी कूर्चेचा उपचार विचारत फिरताना मी पाहिले आहे.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. हात कापला की रक्त येते, खपली धरते, जखम भरते. कूर्चेच्या बाबतीत ही साखळी सुरूच होत नाही, त्यामुळे मोठा खड्डा आपोआप भरून येत नाही. खालच्या हाडाला बारीक भोके पाडून रक्त वर आणले, तर जागा भरते, पण बहुतेक वेळा ती मूळच्या गुळगुळीत कूर्चेने न भरता तंतुमय कूर्चेने भरते, आणि ती तेवढी टिकाऊ नसते. या शस्त्रक्रियेला मायक्रोफ्रॅक्चर म्हणतात. लहान, साधारण दोन चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या खड्ड्यासाठी ती अजूनही सुचवली जाते.

त्याहून महत्त्वाचा भेद इजा आणि झीज यांमधला आहे. पडल्यामुळे किंवा खेळताना एका जागी झालेला खड्डा ही इजा, तर वयाबरोबर संपूर्ण सांध्याची कूर्चा पातळ होत जाणे हा संधिवात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. पहिल्यासाठी सिद्ध झालेला उपचार दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही, आणि जाहिरातींमध्ये नेमकी हीच सरमिसळ केलेली असते.

डॉक्टरांकडून चार गोष्टी लिहून घ्या: खड्डा कोणत्या हाडावर आहे, किती चौरस सेंटिमीटरचा आहे, कोणत्या ग्रेडचा आहे आणि समोरासमोरच्या दोन्ही पृष्ठभागांवर आहे का. ग्रेड एक ते चार असतात. पहिल्या ग्रेडमध्ये कूर्चा नुसती मऊ पडलेली असते, चौथ्यात खालचे हाड उघडे पडलेले असते. एमआरआयच्या बरोबरीने उभे राहून काढलेला एक्स-रे हवाच, आणि खुब्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण पायाचा एक्स-रे काढून पाय आत किंवा बाहेर वाकलेला नाही ना, हे पाहून घ्यावे. पाय वाकलेला असेल किंवा लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा, तुटलेले असेल, तर भार चुकीच्या जागी पडत राहतो आणि नवी कूर्चाही झिजते. पाय सरळ करणे किंवा लिगामेंट जोडणे, हे काम अशा वेळी आधी किंवा सोबतच करावे लागते. मला ज्या दवाखान्यात इंजेक्शन दिले गेले, तिथे हा एक्स-रे कोणी मागितलाच नव्हता.

२. ‘स्टेम सेल’ या एका नावाखाली काय काय दिले जाते, ते ओळखा

हा टप्पा सावकाश वाचावा, कारण गोंधळाचे मूळ इथे आहे.

पीआरपीविषयी वर लिहिलेच आहे. रक्त दंडातून काढून, यंत्रात फिरवून लगेच टोचले जात असेल, तर ते मूलपेशींचे इंजेक्शन नाही.

दुसरा प्रकार अस्थिमज्जेच्या दाट द्रावणाचा. कमरेच्या हाडातून सुई घालून मज्जा ओढली जाते, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली जाते आणि त्याच दिवशी सांध्यात सोडली जाते. यात मूलपेशी असतात, पण एकूण पेशींच्या तुलनेत त्या अत्यल्प असतात. पोटाच्या चरबीतून पेशी वेगळ्या करून टोचणे, हा तिसरा प्रकार.

चौथा प्रकार प्रयोगशाळेत वाढवलेल्या, दात्याच्या मूलपेशींचा. बंगळूरुच्या स्टेम्प्युटिक्स या कंपनीच्या अशा उत्पादनाला भारतात २०२२ मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी मान्यता मिळाली. ही मान्यता संधिवातासाठी आहे, अपघाताने पडलेल्या एखाद्या खड्ड्यासाठी नाही, हे ध्यानात ठेवा. दक्षिण कोरियात नाळेच्या रक्तातील मूलपेशींपासून बनवलेल्या उत्पादनाला २०१२ मध्येच मान्यता मिळाली आहे, पण तिथली मान्यता इथे चालत नाही. ‘कोरियन तंत्रज्ञान’ हे शब्द ऐकून भारावून जाऊ नका.

पाचवा प्रकार बऱ्याचदा याच नावाखाली सांगितला जातो, पण तो मूलपेशींचा नाही, आणि एका जागी पडलेल्या खड्ड्यासाठी सर्वांत जुना अनुभव त्याचाच आहे. तुमच्याच गुडघ्यातील, भार न येणाऱ्या जागेवरची चिमूटभर कूर्चा दुर्बिणीने काढतात, तिच्यातील पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवतात आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत खड्ड्यात बसवतात. स्वीडनमधील डॉक्टरांनी १९९४ मध्ये २३ रुग्णांवरचा आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली. अमेरिकेत तिची पडद्यावर पेशी पेरलेली आवृत्ती २०१६ मध्ये मान्य झाली आणि भारतात ‘कार्टिग्रो’ या उत्पादनाला २०१७ मध्ये मान्यता मिळाली. मी शेवटी कूर्चापेशींचाच मार्ग निवडला.

पेशींच्या इंजेक्शनांचा परिणाम किती, हे विचारणाऱ्यांना मी एक अभ्यास आवर्जून सांगते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत संधिवात असलेल्या ४७५ रुग्णांची तुलना करण्यात आली. काहींना अस्थिमज्जेचे द्रावण, काहींना चरबीतील पेशी, काहींना नाळेतील मूलपेशी आणि काहींना नेहमीचे, स्वस्त स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले गेले. वर्षभरानंतर वेदनेच्या बाबतीत तिन्ही पेशी-उपचारांपैकी एकही स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. म्हणून संशोधन थांबवावे, असे मी म्हणणार नाही. पण ‘झिजलेली कूर्चा शंभर टक्के परत उगवते’ असे कोणी छातीठोकपणे सांगितले, तर तिथून उठून यावे. नाळेपासूनच्या द्रावणाची इंजेक्शने घेतल्यावर रक्तात किंवा सांध्यात जंतुसंसर्ग होऊन अमेरिकेत १२ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागल्याची नोंद २०१८ मधली आहे.

३. मान्यता स्वतः तपासा

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्यता नसलेला मूलपेशी उपचार केवळ अधिकृत चाचणीतच (क्लिनिकल ट्रायलमध्येच) देता येतो. चाचणीबाहेर तो देणे अनैतिक मानले आहे आणि त्याची जाहिरात करण्यासही मनाई आहे. प्रयोगशाळेत बरीच प्रक्रिया करून बनवलेले मूलपेशींचे उत्पादन २०१९ च्या नियमांनुसार ‘नवे औषध’ ठरते आणि त्याला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची परवानगी लागते.

म्हणून दवाखान्यात विचारायचा प्रश्न साधा आहे: ‘हे मान्यताप्राप्त उत्पादन आहे की चाचणी?’ उत्पादन असेल, तर त्याचे नाव, निर्माता आणि मान्यता कोणत्या आजारासाठी आहे, ते लिहून घ्या. चाचणी असेल, तर नोंदणी क्रमांक मागा. तो सीटीआरआय, म्हणजे भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांनी सुरू होतो, पुढे वर्ष आणि महिना असतो, आणि ही नोंदवही संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. क्रमांक टाकून रुग्णालयाचे नाव, आजार आणि चाचणी अजून चालू आहे का, हे जुळवून पाहा. येथे एक सापळा आहे. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. सरकारने उपचार चांगला ठरवला असा तिचा अर्थ होत नाही. दुसरे असे की, चाचणीत सहभागी झालेल्याकडून प्रयोगाधीन उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. ‘चाचणी आहे, पण पॅकेज भरा’ असे सांगितले, तर रुग्णालयाच्या नैतिकता समितीचा संपर्क मागावा.

गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात असलेले राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र ही संशोधन संस्था आहे. तिथे रुग्ण तपासले जात नाहीत, त्यामुळे फाईल घेऊन तिकडे जाऊ नये. निष्पक्ष दुसरे मत हवे असेल आणि खर्चाची अडचण असेल, तर ससून रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा.

४. फाईल तयार ठेवा

प्रत्येक भेटीला हे सोबत न्या:

- एमआरआयचा अहवाल आणि सीडी, दोन्ही. शल्यविशारद चित्रे स्वतः पाहतात. नुसत्या अहवालावर निर्णय होत नाही.
- उभे राहून काढलेले एक्स-रे.
- पूर्वी घेतलेल्या प्रत्येक इंजेक्शनची तारीख, नाव आणि बॅच क्रमांक.
- पूर्वीच्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड आणि दुर्बिणीतून काढलेली छायाचित्रे.
- चालू औषधांची यादी, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे आणि मधुमेहाची औषधे.
- ॲलर्जीची नोंद. काही पेशी-उत्पादनांत प्रतिजैविकाचा अंश असतो, म्हणून जेंटामायसिनचे नाव घेऊन विचारा.
- आधार कार्ड, विमा पॉलिसीची संपूर्ण प्रत आणि कंपनीचे ओळखपत्र.

जुन्या दवाखान्याकडून कागद मिळत नसतील, तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मी हा नियम अर्जात लिहिला आणि दुसऱ्या दिवशी फोन आला. मात्र मिळालेल्या कागदावरही इंजेक्शनचे नाव नव्हतेच.

५. खर्च आणि मेडिक्लेम यांचा आधी निकाल लावा

विमा नियामकाने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी विमा कंपन्यांना दिली, तिच्यात ‘स्टेम सेल थेरपी’ हे शब्द आहेत, आणि दवाखान्यातील मदतनीस तेच दाखवून ‘क्लेम होईल’ असे सांगतात. ती ओळ पूर्ण वाचा: तिथे रक्ताच्या आजारांसाठी केल्या जाणाऱ्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचाच उल्लेख आहे. गुडघ्यासाठी त्या ओळीचा उपयोग नाही. पॉलिसीत तुमचा उपचार बसतो का, हे टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडून, शस्त्रक्रियेआधी ईमेलवर लेखी घ्यावे. फोनवरच्या होकाराला पुढे कोणी विचारत नाही. माझ्या बाबतीत शस्त्रक्रियागृह आणि खोली यांचा खर्च मंजूर झाला, पेशी वाढवण्याचा झाला नाही.

अंदाजपत्रक एकगठ्ठा ‘पॅकेज’ म्हणून घेऊ नका. पहिली दुर्बिणीची शस्त्रक्रिया, प्रयोगशाळेचे शुल्क, दुसरी शस्त्रक्रिया, नी-ब्रेस, फिजिओथेरपी आणि नंतरचा एमआरआय असे वेगवेगळे आकडे मागा. पहिल्या शस्त्रक्रियेत खड्डा अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला आणि पेशी वाढवायच्याच नाहीत असे ठरले, तर प्रयोगशाळेचे पैसे परत मिळतात का, हेही लिहून घ्यावे.

६. दोन शस्त्रक्रियांमधला काळ आणि प्रत्यक्ष दिवस

पहिल्या वेळी एचआयव्ही आणि काविळीच्या चाचण्या होतात, दुर्बिणीने खड्डा मोजला जातो आणि कूर्चेचे दोन-तीन तुकडे काढले जातात. मी दुसऱ्या दिवशी घरी आले. पुढचे आठवडे वाट पाहण्याचे असतात, पण ते वाया घालवू नका: मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम, वजन आटोक्यात आणणे आणि तंबाखू किंवा सिगारेट असेल तर ती पूर्ण बंद करणे, ही कामे याच काळातली आहेत.

पेशी जिवंत असतात आणि प्रयोगशाळेतून निघाल्यावर त्यांना ठरावीक वेळातच वापरावे लागते, म्हणून दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख सहज पुढे-मागे करता येत नाही. आधीच्या आठवड्यात ताप, दातदुखी, लघवीची जळजळ किंवा पायावर साधी फुटकुळी आली, तरी त्याच दिवशी कळवा.

त्या सकाळी साडेआठच्या सुमारास पेशींचा डबा आला. वरच्या चिठ्ठीवर माझे नाव, जन्मतारीख आणि एक लांबलचक क्रमांक होता. परिचारिकेने माझे मनगट वळवून पट्टीवरचा क्रमांक एकेक अंक मोठ्याने वाचला आणि दुसरीने डब्यावरचा अंक त्याच्याशी ताडून पाहिला. तुमच्या वेळी हे होताना दिसले नाही, तर भूल देण्याआधी विचारा, त्यात संकोच बाळगण्यासारखे काही नाही. कमरेखालची भूल असल्याने मला बोलणे ऐकू येत होते. खड्ड्याच्या कडा खरवडून सरळ केल्या, मग फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या जेलमध्ये मिसळलेल्या पेशी त्यात भरल्या आणि त्या घट्ट धरेपर्यंत पाय हलू दिला नाही.

डिस्चार्जच्या वेळी वापरलेल्या उत्पादनाचे स्टिकर फाईलमध्ये चिकटवून घ्या. त्यावर नाव आणि बॅच क्रमांक असतो. माझ्या पहिल्या पावतीवर नव्हते, ते सगळे या दोन बोटे रुंदीच्या स्टिकरवर होते.

७. घर आणि पुढचे वर्ष

मला सहा आठवडे त्या पायावर पूर्ण भार द्यायचा नव्हता. खड्डा कोणत्या जागी आहे त्यावर हा काळ बदलतो, त्यामुळे दुसऱ्या रुग्णाचे वेळापत्रक उसने घेऊ नका. आमची इमारत जुनी आहे, लिफ्ट नाही, घर दुसऱ्या मजल्यावर; म्हणून मी तो काळ तळमजल्यावर राहणाऱ्या मावशीकडे काढला. पेठांतल्या वाड्यांत आणि जुन्या सोसायट्यांत राहणाऱ्यांनी ही सोय शस्त्रक्रियेच्या आधीच करावी. कमोड नसेल, तर कमोडची खुर्ची लागेल. कुबड्या, वॉकर आणि गुडघा आपोआप हलवणारे यंत्र सर्जिकल साहित्याच्या दुकानांत भाड्याने मिळते का, याची चौकशीही आधीच करून ठेवावी. दुचाकी विसरावी लागते; नोकरीवर जाण्या-येण्याचा रिक्षाचा खर्च अंदाजपत्रकात धरा.

फिजिओथेरपिस्ट असा निवडा, ज्याने कूर्चेच्या शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण हाताळले आहेत, आणि शल्यविशारदांनी लिहून दिलेला कार्यक्रम त्याच्या हाती द्या. बरे वाटू लागल्यावर, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, लोक जिने चढू लागतात आणि मांडी घालून बसतात. नवी कूर्चा तेव्हा मऊच असते आणि ती पक्की व्हायला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. मला तर गणपतीत आरतीला खाली बसायचा मोह आवरावा लागला होता. डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय धावू नये आणि डोंगर उतरू नये.

ताप, गुडघा लाल आणि गरम होणे, जखमेतून पाणी येणे, किंवा पोटरी दुखून सुजणे यांपैकी काहीही झाले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालयात जा. पहिली तीन लक्षणे संसर्गाची असू शकतात आणि शेवटचे रक्ताची गाठ झाल्याचे. अचानक दम लागला किंवा छातीत दुखले, तर थेट १०८ ला फोन करा. तो क्रमांक, शल्यविशारदांचा क्रमांक आणि रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाचा क्रमांक मी फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लावला होता, कारण घरी मावशी आणि मी दोघीच होतो आणि तिला माझा मोबाईल उघडता येत नव्हता.